तानपुऱ्याची जोड बोलत नाही, घोडी बदलावी का?

खर्जातला: मिरजेचा पुरुषी तानपुरा आहे, घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, हाडाची. पंचमाची पहिली आणि खर्जाची शेवटची तार ठीक, पण जोडीच्या, म्हणजे मधल्या, दोन्ही तारा पत्र्यासारख्या वाजतात. तार आणि घोडीमधलं सूत (दोरा) कुठेही सरकवलं तरी फरक नाही. इथला दुकानदार म्हणतो, फायबरची घोडी टाका, तासाभरात काम. मिरजेचे कारागीर मात्र जवारीसाठी, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीचा माथा घासून बेतायला, दिवसभर वाद्य ठेवून घेतात आणि मजुरी त्या मानाने बेताचीच घेतात. त्यांना यात परवडतं काय?

तारदान: घोडी बदलू नका. जोडीची तार सैल करून बाजूला घ्या आणि तिच्या जागी नख फिरवा, खाच लागेल. पोलादी तार हाडात रुतते. खाचेत बसलेली तार घोडीच्या माथ्याला चाटत जात नाही, म्हणून सुताचा उपयोग होत नाही.

खाच जाईपर्यंत माथा कानसीने उतरवायचा, मग उतार नव्याने द्यायचा. खरी गोम इथे आहे. उतार जास्त झाला की आवाज बंद, फार सपाट राहिला की नुसती झणझण आणि आस (मागे रेंगाळणारा नाद) नाही. शेवटचे हात बारीक पॉलिश पेपरचे. तार चढवायची, सुरात आणायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा दोन हात. चारही तारांना हे वेगवेगळं करावं लागतं. दिवस जातो तो यात. घोडीचे पाय तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) पूर्ण टेकतात ना, तेही बघून घ्या. एक कोपरा अधांतरी असेल तर कितीही घासा, आवाज उठणार नाही.

मिरजकर_४१६४१०: फायबर वाईट नाही, झिजतं कमी. पण कोरडं वाजतं, आणि जवारी त्यालाही काढावीच लागते. तासाभरात होतं ते फक्त चिकटवणं.

परवडण्याचं म्हणाल तर ताशी हिशेबाने नाहीच परवडत. पण तोच तानपुरा काही वर्षांनी त्याच घरी जवारीला परत येतो, आणि बिघडलेली जवारी मैफलीत बसलेल्या प्रत्येक गवयाला ऐकू येते. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून हा धंदा एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. गवयाच्या कानाला उतरल्याशिवाय वाद्य द्यायचं नाही, ही खोड तेव्हापासूनची. उगाच गोडवे गात नाही: २०२४ मध्ये सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून कोणाची मजुरी वाढत नाही, आणि ॲपवर तानपुरा लावणारे नवा विकत घेत नाहीत. पोरं दुसरीकडे जातात ती त्यामुळे.

खर्जातला: वाद्य पाठवतो. शिष्या काळी चारला, म्हणजे माझ्यापेक्षा बऱ्याच उंच पट्टीत, गाते, तिलाही हाच चालेल?

तारदान: नाही. जवारी एका सुराला काढलेली असते. तार एवढी चढवली की ताण बदलतो, जवारी बिघडते आणि जाड तार तुटतेही. तिच्यासाठी बारीक तारांचा जनानी तानपुरा बघा. तुमचा पाठवताना पट्टी चिठ्ठीवर लिहा, रोजच्याच तारा राहू द्या आणि घोडीच्या जागेला पेन्सिलीने खूण करा. तारा थोड्या उतरवा, पण पूर्ण सैल सोडू नका, घोडी सरकते.