कंपोस्ट पिटातल्या अळ्या

ए-२०४: मागच्या गेटजवळच्या कंपोस्ट पिटात अळ्या वळवळतायत, शी! सेक्रेटरीसाहेब, उद्या पेस्ट कंट्रोलवाला येतोय ना, त्याला तिथेही औषध मारायला सांगा.

सेक्रेटरी: सांगतो.

सी-७०१ (काकू): अहो थांबा, सांगू नका. आत्ताच खाली जाऊन बघून आले. करड्या, चपट्या, जाड सालीच्या अळ्या आहेत. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. ही घरमाशी नव्हे. हिची मोठी माशी चावत नाही, ताटावर येऊन बसत नाही. जे काय खायचं ते बहुतेक अळी असतानाच उरकून घेते. आपली शिळी भाजी-पोळी त्याच संपवतायत. औषध मारलंत तर कचरा तसाच पडून राहील, आणि ते खत कुंडीत घालायचं कोणी?

बी-३०२: पण काकू, वासाचं काय? आमच्या बेडरूमची खिडकी तिथेच आहे.

सी-७०१ (काकू): वास अळ्यांचा नाही रे. वरचा थर उकरला तर खाली नुसता चिखल, सडक्या अंड्यांसारखा. ओला कचरा दबून बसला की आत हवा जात नाही, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात. सुका पाला घाला, खाली-वर करा. कार्बन नायट्रोजनच्या साधारण २५ ते ३० पट लागतो, आणि तो वाळक्या पानांत भरपूर असतो. कडेला थोडा पाला पडलाय, तिथे बघ, बुरशीची पांढरी जाळी धरलीय आणि वास पहिल्या पावसाचा येतोय.

ए-२०४: बरं काकू, एक विचारू? मुलीच्या वहीत अन्नसाखळी गवत-नाकतोडा-बेडूक-साप-घार आणि सगळ्यात शेवटी विघटक, म्हणजे या अळ्या-बुरशीसारखे कुजवणारे जीव, अशी आहे. बरोबर ना?

सी-७०१ (काकू): परीक्षेत तसंच लिहू दे! पण घार मरेपर्यंत विघटक काही वाट बघत बसत नाहीत. बाण प्रत्येक पायरीवरून त्यांच्याकडे जातो. जंगलातली बहुतेक पानं हिरवी असताना कोणी खातच नाही, गळून थेट यांच्याच वाट्याला येतात. आणि यांनाही खाणारे आहेत. सकाळी पिटाच्या कठड्यावर दयाळ बसतो, तो काय ऊन खायला? अळ्या टिपतो. तिथून दुसरी साखळी सुरू.

डी-१०३: दयाळाला मेंटेनन्स लावा 😄

बी-३०२: सुका पाला आणायचा कुठून पण?

ए-२०४: माळी दर रविवारी मागे जाळतो तो काय!

सेक्रेटरी: जाळणं आजपासून बंद. पाला पोत्यांत भरून पिटाशेजारी राहील. एक बादली ओला कचरा टाकला की एक बादली पाला. औषध फक्त जिन्यात आणि ड्रेनेज चेंबरला. बी-३०२, खिडकी तुमची, तेव्हा या रविवारी फावडं तुमच्याकडे.