सुका कचरा खरोखर सुका हवा

अनेक जण विचारतात की कचऱ्याच्या गाडीत सगळं एकत्रच पडतं, मग घरी वेगळं करून उपयोग काय? उपयोग नक्की आहे. आमटीत भिजलेला कागद कचरा वेचणाऱ्या बायकाही उचलत नाहीत, कारण त्याला भाव नाही. तेल कागदाच्या लगद्यातून निघत नाही, म्हणून पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून बाजूला काढा आणि कोरडं झाकण रद्दीत द्या. एटीएमच्या गुळगुळीत पावत्या मात्र रद्दीत नकोत, त्यांवर रसायनाचा थर असतो.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका. नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू दे. सुटा तुकडा कुणी वेचत नाही, तो पावसाळ्यात थेट गटारात जातो. पिशवी विसळून दोरीवर वाळवा. ओलीच कोंबली तर वास येतो आणि किडे होतात.

काचेच्या बाटल्या भंगारात चालतात, पण त्यात बोरोसिलिकेटची, म्हणजे ओव्हनमध्ये चालणाऱ्या उष्णतारोधक काचेची भांडी मिसळू नका. ती काच जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे नव्या बाटलीत दोष राहतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा.

ओल्या कचऱ्याचं म्हणाल तर ढिगात तो हवेविना कुजून मिथेन तयार होतो, आणि हा वायू पेट घेतो. मुंबईतल्या देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आणि तो धूर अनेकांना आठवत असेल. सोसायटीत जागा असेल तर ओला कचरा तिथेच जिरवा: एक थर कचरा, एक थर वाळका पालापाचोळा, आठवड्यातून एकदा खालीवर.