मोहिमेत हरलो तर जुना सेव्ह उघडायचा का?

गोदाकाठ, पैठण
‘रोम २ टोटल वॉर’ या कॉम्प्युटर गेममध्ये सेल्युसिड (सिकंदराच्या सेनापतीनं आशियात उभारलेलं ग्रीक राज्य) घेऊन मोठी मोहीम खेळतोय. सुरुवात इ.स.पू. २७२, एक टर्न (खेळातली एक पाळी) म्हणजे एक वर्ष. ९० टर्न झाले. पहिल्या दिवशी नकाशा बघून छाती फुगते, भोवती सगळे आपलेच मांडलिक. मग एकेक उलटत जातो.

परवा अँटिऑकबाहेर इजिप्तनं गाठलं. लांब भाल्यांची फळी समोरून घट्ट होती. डावीकडचं घोडदळ मी पळणाऱ्यांच्या मागं सोडलं आणि ते परत येईपर्यंत शत्रूचे स्वार फळीच्या पाठीत घुसले. ते भाले पटकन वळत नाहीत. २० तुकड्यांतली एकही वाचली नाही, शहरही गेलं. जुना सेव्ह, म्हणजे हरण्याआधी साठवलेला खेळ, समोर दिसत होता. उघडला नाही. हार पुसून जिंकलेली मोहीम ही मोहीमच नव्हे, असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

जालनेकर
अजिबात पटलं नाही. दुकान बंद करून मला रात्री कसाबसा दीड तास मिळतो. मागच्या महिन्यात लेक रडली म्हणून पॉज न करता उठलो, येऊन बघतो तर सेनापती मेलेला. ती माझी हार कशी? मी लगेच जुना सेव्ह लोड केला आणि परत करीन. एवढीच हौस असेल तर लेजंडरी ही सगळ्यात अवघड पातळी आहेच, तिथं हातानं सेव्ह करताच येत नाही. बाकीच्यांना त्यांच्या मनासारखं खेळू द्या.

गोदाकाठ, पैठण
पॉजचं मान्य. पण खऱ्या रोमकडं बघा. कार्थेजच्या हॅनिबलशी हरलेल्या लढाया: ट्रेबिया २१८, ट्रॅसिमीन २१७, कॅनी २१६ (सगळी इ.स.पू.). तीन वर्षांत तीन वेळा सैन्य कापलं गेलं. कॅनीनंतर त्यांनी गुलाम विकत घेऊन हातात शस्त्रं दिली, पण तह केला नाही. हॅनिबल इटलीत जिंकत राहिला आणि शेवटी इ.स.पू. २०२ ला झामाला हरला. दर हारीला लोड करणाऱ्याला राखीव फौज आणि धान्य कशासाठी ठेवायचं हे कळतच नाही. संपलेलं सैन्य त्याच नावानं, त्याच्या जुन्या परंपरांसकट (लढून कमावलेल्या खास गुणांसकट) पुन्हा उभं करता येतं, हे तरी किती जणांनी करून बघितलंय?

तेरचा वाटसरू, धाराशिव
मी गोदाकाठच्या बाजूनं. आणि पैठणच्या माणसानं दाखल्यासाठी रोमला कशाला जायचं? नाशिककडचा मुलूख सातवाहनांच्या हातून क्षहरात या शक क्षत्रप घराण्याकडं गेला होता, गौतमीपुत्र सातकर्णीनं त्यांचा राजा नहपान याला हरवून तो परत घेतला. नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीची १३ हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीचा शिक्का आहे, पण नाणी मूळची नहपानाची. शिक्क्यातल्या डोंगराच्या खुणेखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. वितळवून नवी पाडता आली असती. तुमचं अँटिऑक वाचून मला तीच नाणी आठवली.

(या गेमचा नकाशा बॅक्ट्रियाच्या (आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या) आसपास संपतो, पैठण त्यात नाहीच, याचं मला फार वाईट वाटतं. ‘इम्पेरेटर रोम’ या दुसऱ्या गेममध्ये निदान भारत आहे.)

जालनेकर
नाण्याचा दाखला तुमच्यावरच उलटतो. सातवाहनांना दुसरी संधी मिळाली म्हणून ती नाणी आहेत. मला ती लोड केल्यावर मिळते.

गोदाकाठ, पैठण
त्यांना ती त्याच जगात मिळवावी लागली, गेलेली वर्षं गेलेली ठेवून. फरक तिथं आहे.

परभणीकर
दोघांचंही वाचायलोय. माझं सांगतो. सोयाबीन काढून ढीग घातला होता, अन् चार दिवस पाऊस लागला. खालच्या शेंगांना मोड आले. हात घातला तर ढीग आतून गरम लागायला. तिथं कुठला सेव्ह उघडू? दिवसभर हार बघून आलेल्या माणसानं रात्री एक लढाई परत खेळली तर त्याला कमी लेखू नका. मी लोड करतो, अन् मोहीम माझीच म्हणतो.

गोदाकाठ, पैठण
दादा, ‘मोहीमच नव्हे’ हे शब्द मी मागं घेतो. तसं लिहायला नको होतं. मी मात्र लोड न करताच खेळणार. तेच सैन्य जुन्या नावानं मेसोपोटेमियात उभं केलंय, आज ११ तुकड्या झाल्या. या वेळी घोडदळ फळीच्या मागंच उभं राहील.