मदत हवी आहे: रूट बिअरला गॅसच धरत नाहीये, शनिवारी वाढदिवस आहे

कोजागिरी | मंगळवार, रात्री ९.४०

घरी रूट बिअर करायला घेतली आहे. शुक्रवारी बाटल्या भरल्या, आज चौथा दिवस संपला, तरी एकाही बाटलीत गॅस नाही. झाकण फिरवलं की नुसत्या पाण्याची बाटली उघडल्यासारखं, ‘फुस्स’सुद्धा होत नाही. कृती तंतोतंत पाळली आहे. ज्या व्हिडिओवरून केलं त्यात दोन दिवसांत बाटली दगडासारखी टणक झाली होती. शनिवारी लेकीचा दहावा वाढदिवस आहे, अकरा मुलं येणार आहेत आणि तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय की रूट बिअर घरची असेल. रोज शाळेची बस यायच्या आधी ती अंगठ्याने बाटली दाबून बघते आणि माझ्याकडे बघते. काय चुकलं असेल? कृपया लवकर सांगा. विकतची आणा असं सांगू नका.

शिवारफेरी | मंगळवार, रात्री ९.५८

अहो, पण कृती कुठली? तयार अर्क वापरलात की मुळं उकळलीत? यीस्ट कुठलं आणि किती? टाकलंत तेव्हा पाणी किती गरम होतं? बाटल्या काचेच्या की प्लास्टिकच्या? कुठे ठेवल्यात? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

आजोळ | मंगळवार, रात्री १०.०५

मी पुण्याची, मला यातलं फार कळत नाही, पण बिअर म्हणजे दारूच ना? दहा वर्षांच्या मुलांना घरी करून द्यायची? मनात आलं म्हणून स्पष्ट विचारते, राग मानू नका.

धुनी | मंगळवार, रात्री १०.२२

आजोळ, नावावर जाऊ नका. हे अमेरिकेतलं जुनं गोड पेय आहे. ससाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाची साल, सार्सापरिला, विंटरग्रीन, बर्चची साल, ज्येष्ठमध असं काय काय उकळून त्यात साखर घालायची आणि थोडं यीस्ट टाकून फसफसू द्यायचं. चार्ल्स हायर्स नावाच्या औषधविक्याने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात ते लोकांपुढे आणलं. लोक त्याच्याकडून मिश्रण नेऊन घरीच करायचे, म्हणजे कोजागिरी करताहेत ते अगदी मूळ पद्धतीचं आहे. दुकानातल्या कॅनमध्ये आता यीस्ट नसतं, सरळ गॅस भरतात.

लाटणे | मंगळवार, रात्री १०.३१

शंभर टक्के यीस्ट मेलेलं आहे. पाव वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि यीस्ट टाका, दहा मिनिटांत फेस आला नाही तर पाकीट फेकून द्या. ब्रेडचं यीस्ट वापरलं असेल तर तेही फेका. शॅम्पेन यीस्ट आणा, ब्रेडच्या यीस्टने पेयाला पावाचा वास येतो.

शिवारफेरी | मंगळवार, रात्री १०.४०

वास थोडा येतो, पण गॅस ब्रेडच्या यीस्टनेही धरतो. मी सहा वर्षं तेच वापरतोय. त्यांचा प्रश्न वासाचा नाही.

लाटणे | मंगळवार, रात्री १०.४४

सहा वर्षं पावाच्या वासाचं पिताय, एवढाच त्याचा अर्थ. एकदा दुसरं वापरून बघा, मग बोलू.

कोजागिरी | मंगळवार, रात्री ११.१०

एवढे प्रश्न! बरं, सांगते. तयार अर्क. यीस्ट ब्रेडचंच, आणि ते मेलेलं नाही, रविवारी त्याच पाकिटातून पाव केले, टोपलीभर फुगले. पाणी कोमट, बोट सहज बुडवता येईल इतकं. प्लास्टिकच्या दोन लिटरच्या चार बाटल्या, आणि पार्टीत टेबलावर छान दिसतील म्हणून काचेच्या क्लिपच्या बुचाच्या दोन. सगळ्या बेसमेंटमध्ये आहेत.

शिवारफेरी | मंगळवार, रात्री ११.१४

बेसमेंट! कुठे राहता? तिथलं तापमान किती?

कोजागिरी | मंगळवार, रात्री ११.२६

पेनसिल्व्हेनिया. आत्ता जाऊन बघितलं, ५८ फॅरनहाइट.

शिवारफेरी | मंगळवार, रात्री ११.३०

म्हणजे १४ सेल्सियस. सापडलं उत्तर. मार्चमधलं बेसमेंट म्हणजे जवळजवळ फ्रिज. ब्रेडचं यीस्ट इतक्या थंडीत फार मंद चालतं. आत्ताच्या आत्ता बाटल्या वर आणा, फ्रिजच्या डोक्यावर नाहीतर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. २५-२७ सेल्सियस मिळालं की उद्या संध्याकाळपर्यंत बाटली कडक होईल.

अवकाळी | बुधवार, सकाळी ७.१५

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनकडे कोणी बघत नाही. ते यीस्टला मारक. पाणी रात्रभर उघडं ठेवा किंवा उकळून गार करा. काही गावांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, ते उघडं ठेवून जात नाही, त्याला कोळशाचा फिल्टर लागतो. आणि यीस्टच्या पाकिटाच्या मागे लागण्यापेक्षा आल्याचं विरजण करा ना. किसलेलं आलं, साखर, पाणी, रोज एक चमचा आलं आणि एक चमचा साखर. पाच-सहा दिवसांत फसफसायला लागतं. चव जिवंत लागते.

लाटणे | बुधवार, सकाळी ७.३२

पाच-सहा दिवस? वाढदिवस शनिवारी आहे हो.

पाटावरवंटा | बुधवार, सकाळी ८.०५

तुम्ही ज्याला सार्सापरिला म्हणता त्याची आपल्याकडची सख्खी नसली तरी चुलत बहीण म्हणजे उपळसरी, अनंतमूळ. झाडं वेगळ्या कुळातली, पण वास असा की डोळे मिटून घेतला तर व्हॅनिला आणि चंदन एकत्र उगाळल्यासारखा. दक्षिणेत हिचंच नन्नारी सरबत करतात. आमच्याकडे आजी काष्ठौषधींच्या दुकानातून जुडी आणायची, मुळं ठेचून आतला काडीसारखा दांडा टाकायची आणि साल रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी ते पाणी तपकिरी व्हायचं आणि माजघरभर वास. साखर, लिंबू, संपलं. ना यीस्ट ना बाटली फुटायची भीती. अमेरिकेतही भारतीय वाणसामानाच्या दुकानात नन्नारीचं सिरप मिळतं. मुलांना तेच द्या.

उंबरठा | बुधवार, सकाळी ९.४०

अर्क कशाला हवा? मी व्हर्जिनियात राहते, आमच्या मागच्या अंगणात ससाफ्रास आहे. एकाच फांदीवर तीन तऱ्हेची पानं असतात, एक साधं, एक अंगठा असलेल्या हातमोज्यासारखं, एक तीन बोटांचं. मूळ खरवडलं की सगळ्या हाताला रूट बिअरचा वास. तेच उकळते मी. वर विंटरग्रीनच्या तेलाचे थोडे थेंब.

धुनी | बुधवार, सकाळी १०.०२

उंबरठा, हे मुलांच्या पार्टीसाठी सुचवू नका. ससाफ्रासच्या सालीत सॅफ्रोल असतं. उंदरांमध्ये त्याने यकृताचा कर्करोग झाल्याचं दिसलं म्हणून अमेरिकेत १९६० साली खाद्यपदार्थांत ते घालायला बंदी आली. विकतच्या अर्कात एकतर कृत्रिम स्वाद असतो किंवा सॅफ्रोल काढून टाकलेला ससाफ्रास. आणि विंटरग्रीनचं तेल तर फारच जपून. ते जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांच्या तोडीचं. लहान मूल चुकून प्यायलं तर जिवावर बेततं. ती बाटली आधी उंच, कुलपात ठेवा.

उंबरठा | बुधवार, सकाळी १०.२०

इथले लोक पिढ्यान् पिढ्या मुळाचा चहा पीत आले आहेत. पण तेलाचं पटलं, बाटली हलवली आहे. ती मसाल्याच्या कप्प्यात होती.

वळचण | बुधवार, दुपारी १२.५०

विंटरग्रीनवरून आठवलं, माझ्या आईला रूट बिअरचा पहिला घोट दिला तर म्हणाली, यात आयोडेक्स घातलंय का? दोन्हींत तोच वास. कोजागिरी, भारतातून आलेले पाहुणे असतील तर त्यांना दुसरं काही ठेवा. फ्लोट, म्हणजे आइस्क्रीमवर ओतलेली रूट बिअर, करताना मात्र ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवा, आधी आइस्क्रीम, मग रूट बिअर कडेने हळू ओता, म्हणजे फेस ग्लासाबाहेर जात नाही.

कोजागिरी | बुधवार, संध्याकाळी ६.१२

फ्लोटपर्यंत पोचले तर ना! काल रात्रीपासून बाटल्या ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवल्यात, आतलं तापमान ८० फॅरनहाइट. अठरा तास झाले. काहीही फरक नाही. बाटली दाबली की अंगठा तसाच आत जातो. आता लेक विचारायचीही थांबली आहे. शिवारफेरी, तुम्ही म्हणालात संध्याकाळपर्यंत कडक होईल.

खमीर | बुधवार, संध्याकाळी ६.४५

सगळे प्रतिसाद वाचले. यीस्ट जिवंत, आता ऊबही आहे, आणि अठरा तासांत बुडबुडासुद्धा नाही? मग यीस्टला खायलाच काही नाहीये. कोजागिरीताई, साखर किती घातलीत? आणि कुठली?

कोजागिरी | बुधवार, संध्याकाळी ७.०१

गोडी अगदी बरोबर आहे, चाखून बघितली. कृतीत होती त्या मापानेच, फक्त साखरेच्या जागी मंक फ्रूटचं ते पांढरं दाणेदार स्वीटनर घातलं. सासरे इथे आले आहेत, त्यांना मधुमेह आहे, त्यांनाही नातीच्या वाढदिवसाला पिता यावं म्हणून. त्याचा गॅसशी काय संबंध?

खमीर | बुधवार, संध्याकाळी ७.३०

सगळा संबंध तिथेच आहे. रूट बिअरमध्ये साखर दोन कामं करते, गोडी देते आणि यीस्टचं पोट भरते. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, तोच तुमचा गॅस. त्या स्वीटनरमध्ये बहुतेक करून एरिथ्रिटॉल असतं, पाकिटामागे बघा. जिभेला ते गोड लागतं, पण ब्रेडच्या यीस्टला ते पचत नाही. पाच दिवस बिचारं उपाशी बसलंय. पाव फुगले कारण मैद्यात त्याला खायला मिळालं.

तुमचं केलेलं वाया गेलेलं नाही, उलट सासऱ्यांसाठी हे चांगलंच जमेल. दोन लिटरच्या बाटलीत मोजून २० ग्रॅम साखर घाला, काट्यावर मोजा, चमच्याने अंदाज नको. कोमट पाण्यात पाव चमच्याच्या निम्मं यीस्ट भिजवून तेही घाला, जुन्याचा भरवसा नको. झाकण लावून उलटसुलट करा. लिटरला १० ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण सोड्याइतका गॅस होतो आणि साखर संपली की यीस्ट आपोआप थांबतं. गोडी स्वीटनरची राहते. फक्त दोन दिवसांत सगळी साखर संपेलच असं नाही, थोडी उरेल, हे सासऱ्यांच्या कानावर घाला.

कोजागिरी | बुधवार, संध्याकाळी ७.३८

एरिथ्रिटॉलच आहे, पहिलंच नाव. देवा. बरं, लगेच सगळ्यांत घालते. काचेच्या दोन्हींत पण तेवढीच ना?

शिवारफेरी | बुधवार, संध्याकाळी ७.४०

काचेच्या बाटल्यांना हात लावू नका!

खमीर | बुधवार, संध्याकाळी ७.४४

शिवारफेरींना अनुमोदन. शोभेच्या काचेच्या बाटल्या दाब सोसायला केलेल्या नसतात आणि आत किती दाब झालाय हे बाहेरून कळत नाही. सोड्याची प्लास्टिकची बाटली निदान दाबून कळते. काचेतलं सगळं प्लास्टिकमध्ये ओता. वर दोन बोटं जागा सोडा.

मोगरीचा घाव | बुधवार, रात्री ८.१०

हे हलक्यात घेऊ नका. आमच्या गराजमध्ये जिंजर एलची काचेची बाटली पहाटे फुटली, काच दाराच्या लाकडात रुतून बसली होती. माझा मुलगा दोन तास आधी तिथूनच सायकल काढून गेला होता. तेव्हापासून घरात काचेत काही आंबवत नाही.

कोजागिरी | बुधवार, रात्री ८.४०

ओतलं. हात थरथरत होते वाचून. आता मुलांचं सांगा. त्यांना स्वीटनरचं चालेल?

खमीर | बुधवार, रात्री ९.०५

थोडं चालेल, पण एरिथ्रिटॉल जास्त झालं तर पोट बिघडतं, आणि मुलं दोन-दोन ग्लास पिणार. त्यांच्यासाठी वेगळं करा. दोन लिटरला एक कप, म्हणजे २०० ग्रॅम साखर, तेवढंच यीस्ट. पण यात साखर भरपूर असल्यामुळे यीस्ट आपण होऊन थांबणार नाही. दर काही तासांनी दाबून बघा, विकतच्या बंद सोड्याच्या बाटलीइतकी कडक झाली की त्याच मिनिटाला फ्रिजमध्ये. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, नाहीतर छतापर्यंत कारंजं उडेल.

आजोळ | बुधवार, रात्री ९.२०

माझा प्रश्न तसाच राहिला. यीस्टने साखर खाल्ली तर दारू होतेच ना?

धुनी | बुधवार, रात्री ९.३१

होते, पण फार कमी. दोन-तीन दिवसांत फ्रिजमध्ये टाकलं तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

आजोळ | बुधवार, रात्री ९.३५

मग ते त्या अकरा मुलांच्या आईबापांना सांगायला हवं. आपल्या मुलीला काय द्यायचं ते आपण ठरवू, दुसऱ्याच्या मुलाला नाही.

लाटणे | बुधवार, रात्री ९.४१

अर्ध्या टक्क्याने काय होतंय? पिकलेल्या केळ्यातही थोडी असते.

खमीर | बुधवार, रात्री ९.५२

लाटणे, आजोळ यांचं बरोबर आहे. कुणाच्या घरी धर्मामुळे चालत नसेल, कुणाचं औषध चालू असेल. कोजागिरीताई, पाहुण्या मुलांसाठी यीस्टच नको. अर्क आणि साखरेचं दाट सिरप करून गार करा आणि ऐनवेळी बर्फगार क्लब सोड्यात मिसळा. तेही घरचंच की. यीस्टवाली बाटली लेकीसाठी आणि तुमच्यासाठी ठेवा.

कोजागिरी | शुक्रवार, सकाळी ७.५०

आज सहा वाजता लेक धावत वर आली. बाटली दाबली जात नाही म्हणून ती घाबरली होती. मी दाबली, लाकडासारखी! सासऱ्यांच्याही बाटल्या कडक झाल्या आहेत. सगळ्या फ्रिजमध्ये गेल्या. मुलांसाठी सिरप रात्री केलं, अजून घरभर वास आहे. सगळ्यांच्या आयांना मेसेज केला आहे. खमीर, तुमचे उपकार कसे फेडू?

शिवारफेरी | शुक्रवार, सकाळी ८.१५

बेसमेंटमध्ये मात्र पुन्हा ठेवू नका. थंडीही होतीच त्यात.

कोजागिरी | रविवार, सकाळी १०.३०

फ्लोट झाले, सिरप पुरून उरलं. यीस्टची बाटली सगळ्यांसमोर लेकीने उघडली, ‘फुस्स’ इतक्या जोरात झालं की मुलांनी टाळ्या वाजवल्या. किंचित पावाचा वास आहे, लाटणे, खरं आहे तुमचं. सासऱ्यांनी अर्धा ग्लास घेतला, आज सकाळी साखर तपासली, नेहमीइतकीच. त्यांनाही ते मलमासारखं लागलं, पण ग्लास संपवला.

वळचण | रविवार, सकाळी ११.०५

पाटावरवंटा, ती अनंतमुळाची जुडी किती पाण्याला किती घ्यायची? माझ्या आईला तेच देऊन बघते.