मदत हवी आहे : सगळ्यात मोठं प्रवासी विमान नेमकं कुठलं? मापं पाहिजेत, परवा सकाळपर्यंत

खुंटी_दोरी
नमस्कार मंडळी. सगळ्यात मोठ्या प्रवासी विमानाची मापं पाहिजेत. लांबी, रुंदी, माणसं किती बसतात, एका दमात किती लांब जातं. नेटवर बघून डोकं उठलंय. एअरबस ए३८० मध्ये एका ठिकाणी ५२५ माणसं, दुसरीकडं ६१५, तिसरीकडं ८५३. पल्ला एकानं ८,००० लिहिलाय, दुसऱ्यानं १५,०००. खरं कुठलं धरायचं? आणि बसेल का तेही सांगा. परवा सकाळी ८ ला लागणार आहे. 'गुगल करा' म्हणू नका, तेच करून इथं आलोय.

विंडोसीट
बसेल का म्हणजे कशात? हँगरमध्ये, चार्टपेपरवर का केकवर?

पांढरा_रस्सा
भावा, मुंबईला जायचं असेल तर विमानाच्या नादाला लागू नको. महालक्ष्मी एक्सप्रेसला रात्री बसायचं, घरचा डबा खायचा, झोपायचं, सकाळी मुंबई. विमानतळावर दोन तास आधी जा, बूट काढा, पट्टा काढा, हे सांगितलंय कुणी?

जम्बो_सम्राट
मोठं विमान म्हणजे जम्बो, बोइंग ७४७. विषय संपला. १९७१ साली एअर इंडियाचं पहिलं ७४७ आलं, नाव 'एम्परर अशोक'. खिडक्यांभोवती महालाच्या झरोक्यासारख्या कमानी रंगवलेल्या. वडिलांनी सांताक्रूझला गच्चीतून बघितलं होतं, शेवटपर्यंत सांगत होते. ए३८० म्हणजे नुसतं फुगवलेलं. लांबीला आजही ७४७-८ च पुढं आहे, ७६.३ मीटर. ए३८० ची लांबी ७२.७. घ्या.

रॅम्पवरचा_माणूस
सम्राटसाहेब, लांबी एवढंच मोठेपण असेल तर ७७७-३००ईआर पण ए३८० पेक्षा मोठं म्हणा की. ते ७३.८६ मीटर आहे, मीटरभर जास्तच. पण शेजारी उभं केलं की पोरगं वाटतं. ए३८० चा पंखविस्तार ७९.७५ मीटर, उंची २४ मीटर, दोन पूर्ण मजले. ७४७-८ चा पंख ६८.४. मुंबईला एमिरेट्सचं ए३८० यायला लागल्यावर आम्ही खाली उभं राहून मान मोडून घेतली आहे.

आणि हा ७९.७५ आकडा उगाच नाही आला. विमानतळांच्या नियमात सगळ्यात वरचा गट ८० मीटरपर्यंतचा. त्या चौकटीत मावावं म्हणून पाव मीटर राखून पंख केलाय.

धागाकर्ते, आता तुमच्या आकड्यांचं. तिन्ही बरोबर आहेत. ५२५ म्हणजे तीन वर्गांची साधारण मांडणी. ६१५ हे एमिरेट्सचं दोन वर्गांचं विमान, त्यात फर्स्ट क्लास काढून टाकलाय. सिंगापूर एअरलाइन्स त्याच विमानात ४७१ च बसवते, कारण वर ऐसपैस सूट केलेत. ८५३ ही कायद्यानं ठरवलेली कमाल. २००६ मध्ये हँबुर्गला अंधारात, निम्मी दारं बंद ठेवून चाचणी घेतली. ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर आले. मर्यादा ९० सेकंदांची असते. एवढ्या खुर्च्या लावून मात्र आजवर एकाही कंपनीनं उडवलेलं नाही.

खुंटी_दोरी
धन्यवाद सर. पण लिहायचं काय? एकच आकडा पाहिजे. आणि पल्ल्याचं राहिलं.

विंडोसीट
पल्ला : ८,००० हे नॉटिकल मैल आहेत. गुणिले १.८५२ करा, १४,८१६ किलोमीटर येतात. म्हणून कुणी १४,८०० लिहितं, कुणी सरळ १५,०००. भांडण नाहीच तिथं.

कशात बसवायचंय ते मात्र अजून सांगितलं नाहीत.

उजळाईवाडीकर
ए३८० राहू दे बाजूला. आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर साधं ए३२० कधी येणार ते सांगा कुणीतरी. धावपट्टी आधी १,३७० मीटरची, मग वाढवली, मग आणखी वाढवायची, जमीन, रस्ता, पुन्हा जमीन. २०२४ च्या मार्चमध्ये नवीन टर्मिनल झालं, चकाचक, दगडी कमानी वगैरे. आतून बघावं असं आहे. पण आतून बाहेर बघितलं तर उभं काय, तर पंख्याचं एटीआर. मागच्या महिन्यात माझी फ्लाइट रद्द झाली, मेसेज आला मी टर्मिनलच्या दारात असताना. कंपनीचं नाव घेत नाही.

विंडोसीट
पंख्याचं म्हणून हिणवू नका. एटीआर ७२ हे टर्बोप्रॉप, जेट नव्हेच, त्यामुळं या धाग्यात ते खरं तर बसत नाही. पण हैदराबादपर्यंत ७८ माणसं न्यायला त्याच्यासारखं स्वस्त दुसरं काही नाही. कोल्हापुरातून जेटच पाहिजे असेल तर आपल्या घोडावतांच्या स्टार एअरकडं एम्ब्रेअर १७५ आहेत, ७६ सीट. म्हणजे माणसं जवळजवळ तेवढीच, जेट आहे म्हणून मोठं असं नाही.

उजळाईवाडीकर
मागच्या दारानं चढावं लागतं हो एटीआरमध्ये. पुढचं दार सामानाला. पाहुण्यांसमोर कसं वाटतं.

जम्बो_सम्राट
माणसं किती बसतात हा विषय निघालाच आहे तर, १९९१ मध्ये इथिओपियातून ज्यूंना न्यायला गेलेल्या एका ७४७ मध्ये हजाराहून जास्त माणसं बसली होती. हजार! कागदावरचं ८५३ काय सांगता.

रॅम्पवरचा_माणूस
खुर्च्या काढून, मांडीला मांडी लावून बसवली होती ती. आपल्या वडापमध्ये पण १७ बसतात. म्हणून जीपची क्षमता १७ लिहायची का?

खुंटी_दोरी
सर लोकहो, भांडू नका. मैदानात काढायचंय. फक्कीनं. खरं माप, पोरांना दाखवायला. विज्ञान प्रदर्शन आहे, पाहुणे येणार आहेत. मी पीटीचा मास्तर आहे, विज्ञानाच्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलंय, कारण फक्की माझ्याकडं असते.

विंडोसीट
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! मैदान केवढं?

खुंटी_दोरी
९८ बाय ६०.

विंडोसीट
मग ए३८० गेलं. पंख ९८ च्या बाजूला टाकला तर मावतो, पण लांबी ७२.७ आणि तुमच्याकडं ६०. ७४७-८ पण नाही, त्याचा पंखच ६८ च्या वर. बोइंग ७८७-८ ड्रीमलायनर काढा. लांबी ५६.७, पंख ६०.१. पंख लांबट बाजूला ठेवा, आरामात बसतंय.

तालीमवाला
शाळेचं मैदान कशाला, शाहू स्टेडियम मागून घ्या. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८.

जम्बो_सम्राट
तिथंही गंमत आहे. ७४७-८ चा पंख ६८.४. म्हणजे दोन्ही टचलाइनच्या बाहेर २० - २० सेंटिमीटर जाणार. लाइन्समननं झेंडा वर करायचा.

तालीमवाला
लाइन्समनचं नाव काढू नका. परवाच्या मॅचला आमचा गोल डोळ्यादेखत ऑफसाइड दिला. दोन फूट मागं होता पोरगा. सगळ्या पेठेनं बघितलंय.

गॅलरीतला_गण्या
दोन फूट पुढं होता.

तालीमवाला
तुम्ही कुठल्या तालमीचे ते कळलं.

निवृत्त_ओव्हरसियर
मास्तर, एक विचारतो. ९८ बाय ६० हे मोजलं कशानं? टेपनं?

खुंटी_दोरी
पावलांनी. माझं पाऊल मीटरचं आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
वाटलंच मला. ३५ वर्षं रस्ते मोजले, मीटरचं पाऊल असलेला माणूस अजून भेटला नाही. ३० मीटरची टेप घ्या, दोन पोरं घ्या आणि मोजून या. टेप जमिनीला टेकून, ताणून. उद्या फक्की मारायला लागल्यावर पंख कुंपणात गेला तर तुमची शोभा होईल.

पांढरा_रस्सा
मापाचं सोडा, पोरांना नाष्ट्याला काय आहे?

खुंटी_दोरी
मोजून आलो. ७६ बाय ४६. मीटर. काका, तुमचं बरोबर होतं.

विंडोसीट
गेलं ड्रीमलायनर. ५६.७ आडवं ४६ मध्ये कसं घालणार, आणि उलटं केलं तर पंख ६० चा. आता ए३२०निओ काढा, ३७.६ लांबी, ३५.८ पंख, मैदानात मावून वर खो-खो खेळता येईल. इंडिगोचं असतं ते, १८६ सीट. पोरं यातच बसलेली असतात, ओळखीचं वाटेल.

खुंटी_दोरी
मुख्याध्यापकांनी पत्रिकेत 'जगातील सर्वांत मोठे प्रवासी विमान' छापून दिलंय. आणि शाळेत पोरं ६१२. सगळ्यांना विमानात उभं करून वरून फोटो काढायचाय.

रॅम्पवरचा_माणूस
तुम्ही माहिती पोष्टाच्या हप्त्यासारखी देता राव.

६१२ पोरं असतील तर ६१५ वालंच विमान पाहिजे. तीन सीट उरतात, मुख्याध्यापक, तुम्ही आणि शिपाईमामा. आणि ए३८० बसतंय तुमच्या मैदानात. अख्खं नाही. लांबी ७२.७२, मैदान ७६. धड पूर्ण काढायचं, धडाची रुंदी ७.१४ मीटर. मधल्या रेषेपासून पंखाचं टोक ३९.९ मीटरवर येतं. एकच पंख काढा. ३९.९ अधिक पलीकडची अर्धी रुंदी ३.६, झाले साडेत्रेचाळीस. तुमच्याकडं ४६ आहेत. धड एका कडेला चिकटवून घ्या, दुसरा पंख कुंपणाबाहेर गेला समजायचं.

निवृत्त_ओव्हरसियर
हे चांगलं आहे. कृती सांगतो. कडेच्या कुंपणापासून पाच मीटर आत मधली दोरी ताणा, दोन्ही टोकांना खुंटी. पाचच धरा, सव्वाचारच्या खाली आणि सहाच्या वर जाऊ नका, नाहीतर एका बाजूला काहीतरी अडकेल. पंखासाठी काटकोन हवा, गवंड्याचा गुण्या एवढ्या मोठ्या कामाला चालत नाही. दोरीवर ३ मीटरला खूण, आडवी ४ मीटर, तिरपं माप बरोबर ५ आलं की काटकोन झाला. मोठ्यानं करायचं तर ९, १२, १५.

रॅम्पवरचा_माणूस
पंख काटकोनात सरळ काढू नका, रामलीलेतलं पुष्पक दिसेल. मागं कललेला असतो, साडेतेहतीस अंश. कोनमापक लागत नाही. धडापासून १० मीटर बाहेर गेलात की ६.६ मीटर मागं या, २० ला १३.२, असं टोकापर्यंत. धडाजवळ पंख रुंद, टोकाला निमुळता. ७४७ चा याहून जास्त कलतो, साडेसदतीस. ते वेगासाठी, जम्बो आजही सगळ्यात चपळ आहे, हे मान्य करतो सम्राटांना.

जम्बो_सम्राट
आभारी आहे. शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ ला कारखान्यातून गेलं, १,५७४ बनली. तुमची ए३८० किती? २५१. आणि २०२१ मध्ये दुकान बंद.

रॅम्पवरचा_माणूस
बरं. चार इंजिनांचा जमानाच गेला, दोन्ही गेली. आता दोन इंजिनांत ए३५० आणि ७८७ तेवढंच लांब जातात, डिझेल कमी पितात. (डिझेल नव्हे, एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन. कुणी दुरुस्त करायच्या आत.)

विंडोसीट
मास्तर, त्याच मैदानात आणखी एक करा. ए३८० च्या नाकावर नाक ठेवून गेरूनं एटीआर काढा. २७ मीटर लांब, २७ मीटर पंख, अगदी चौकोनी गडी आहे. मोठ्या विमानाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा पुढं संपेल. पोरांना उजळाईवाडीला दिसणारं विमान कळेल आणि हे किती मोठं तेही.

आणि पल्ल्याला पृथ्वीगोल. पोटाभोवती दोरा गुंडाळा, तो ४०,००० किलोमीटर. गोलाचा घेर १०० सेंमी असेल तर १ सेंमीला ४०० किमी. एटीआरचा दोरा जेमतेम ४ सेंमी, ए३२०निओचा १६, ए३८० चा ३७. सगळ्यात लांब ए३५०-९०० यूएलआर, १८,००० किमी, म्हणजे ४५ सेंमी. सिंगापूरहून न्यूयॉर्कला थेट जातं ते. त्यात बसतात मात्र १६१ च. इंधनाचं वजन न्यायचं म्हणजे माणसं कमी घ्यायची, हे विज्ञानाच्या बाईंना सांगा, त्या खूश होतील.

उजळाईवाडीकर
म्हणजे ए३२० आपल्याकडं यायला धावपट्टी किती लागेल, त्याचं उत्तर कुणी दिलंच नाही.

रॅम्पवरचा_माणूस
पूर्ण वजनानं उडायचं तर दोन हजाराच्या वर. कमी इंधन घेऊन मुंबई-हैदराबाद करायचं तर कमीतही जमतं. वजन, वारा, ऊन सगळं बघावं लागतं. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर लिहितो.

खुंटी_दोरी
(दोन दिवसांनी) झालं एकदाचं. काल संध्याकाळी ५ ला सुरू केलं, पंखाचं टोक संपायला साडेआठ वाजले, शेवटी शिपाईमामांच्या बुलेटच्या उजेडात. नाक व्हॉलीबॉलच्या खांबाला लागलं, शेपूट पाण्याच्या टाकीजवळ. फक्कीची चार पोती गेली. सकाळी ६१२ पोरं दहा-दहाच्या ओळीत उभी केली तर सातवीतला एक म्हणतोय, सर, वरच्या मजल्यावरची पोरं कुठं उभी करायची? ते कुणीच सांगितलं नव्हतं मला. पाचवी-सहावीला 'तुम्ही वरचे' म्हणून टोप्या घातल्या. गेरूच्या एटीआरमध्ये बालवाडी.

पाहुण्यांनी विचारलं दुसरा पंख कुठाय. मी काही बोलायच्या आत पोरं ओरडली, उसात गेलाय!

निवृत्त_ओव्हरसियर
छान. फोटो टाका. मधली दोरी सैल तर पडली नव्हती ना?

पांढरा_रस्सा
ऊस अजून उभा आहे? तोड आली नाही का तिकडं?