मे महिन्यात घरच्यांसाठी कोणते विनोदी सिनेमे लावावेत?

नागपूरच्या उन्हात दुपारी पोरांना बाहेर काढायची सोय नाही. पाच वर्षांच्या नातवापासून आजीपर्यंत बारा जण आहेत. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावतोय. सगळे हसतील असे मराठी सिनेमे सुचवा.

उत्तर: भाऊ, ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) डोळे मिटून लावा. भाड्याच्या खोलीसाठी चौघांपैकी दोघे साड्या नेसतात, मग एक खोटं झाकायला दुसरं. प्रसंग डोळ्यांनी कळतात, म्हणून लहानांनाही चालतो.

उत्तर: ‘झपाटलेला’ (१९९३) मात्र रात्री नको. मोठे हसतात, पण तात्या विंचूचा बाहुला बोलायला लागला की पाच वर्षांचं पोर आईच्या पदरात! त्यापेक्षा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) बरा. पंढरपूरची यात्रा, सायकल वाचवायला दुकान मांडणारी भावंडं. हसू हळूहळू येतं, त्यामुळे जेवणं उरकूनच लावा.

उत्तर: सिनेमा कोणताही लावा राजेहो, कूलर संवाद खाऊन टाकतो आणि मराठी विनोद तर बराचसा संवादातच असतो. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर पुरत नाही. वेगळा स्पीकर पडद्याखाली, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. मागे ठेवला तर आवाज पाठीमागून येतो. कूलर हळू करून खिडकीची फट उघडी ठेवा, नाहीतर दमट होतं. दुपारी खिडक्यांना जाड चादरी लावल्याशिवाय चित्र फिकंच दिसणार. आजीची खुर्ची कूलरपासून लांब.

प्रश्नकर्ता: मग आधी बनवाबनवी. चादरी काढतो.