बोडोनीत पत्रिका केली, प्रूफमध्ये बारीक रेघा गायब! काय करू?

चिंचगूळ:
मंडळी, बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे आणि पत्रिकेचं डिझाइन हौसेने मी अंगावर घेतलंय (डिझायनर वगैरे नाही, नोकरी अकाउंट्समध्ये, समजून घ्या). मुलाकडचे अर्धे नातेवाईक न्यू जर्सीत, म्हणून एका बाजूला मराठी, दुसरीकडे इंग्रजी. इंग्रजीला बोडोनी फॉन्ट घेतला, कारण ते जाड खांब आणि केसाएवढी रेघ, एकदम फॅशन मासिकाच्या कव्हरसारखं, स्क्रीनवर नुसतं बघत बसावं असं दिसत होतं. काल प्रूफ आलं, मरून टेक्स्चर्ड कागदावर सोनेरी फॉइल (शाईऐवजी चमकता पातळ वर्ख दाबून छापतात ते). मुलाचं नाव मिहिर, सगळी कॅपिटल अक्षरं. एचची मधली दांडी फॉइलने धरलीच नाही, त्यामुळे एम, मग ओळीने चार खांब, मग आर. बाबा म्हणाले, हे नाव आहे का बारकोड! खाली वेळ आणि पत्ता आठ पॉइंटात आहे तो तर वाचताच येत नाहीये. प्रेसवाला म्हणतो फॉन्टच भिकार, सरळ एरियल टाका. खरंच फॉन्ट वाईट आहे का माझं चुकतंय? आणि मराठी बाजूला जोडीला काय घेऊ?

खिळेजुळारी:
फॉन्ट भिकार नाही हो, त्याला भलत्या कागदावर बसवलंय. मी वडिलांच्या छापखान्यात खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवत मोठा झालो म्हणून थोडं लांबण लावतो. बोडोनी हा इटलीतल्या पार्माचा माणूस, म्हणजे जन्म साल्युत्सोचा पण 1768 पासून पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख. त्याच्या आधी इंग्लंडात बास्करविल नावाच्या मुद्रकाने गुळगुळीत कागद आणि जास्त काळी शाई वापरून अक्षरातला जाड-बारीक फरक वाढवला होता, बोडोनी आणि तिकडे पॅरिसचं डिडो हे मुद्रकांचं घराणं यांनी तो पार टोकाला नेला. खांब सरळ उभे, सेरिफ म्हणजे टोकाची आडवी रेघ अगदी सपाट नि बारीक, आणि भोवती भरपूर मोकळी जागा. या अक्षराला जागा लागते, दाटीवाटी केली की रुसतं.

पण मुद्दा पुढे आहे. तेव्हा प्रत्येक साइझचा खिळा वेगळा कोरायचे. लहान साइझ कोरताना बारीक रेघ मुद्दाम जरा जाड ठेवायची, नाहीतर छापताना तुटणार. बोडोनी गेल्यावर पाच वर्षांनी, 1818 साली, त्याच्या बायकोने त्याच्या टाइपांचं दोन खंडांचं पुस्तक काढलं, त्यात नुसत्या साइझच बघत राहाव्यात इतक्या आहेत. आता कॉम्प्युटरवर आपण मोठ्यासाठी काढलेलं एकच अक्षर ओढून आठ पॉइंटाचं करतो, मग रेघ राहणार कुठून? त्यात तुमचा कागद खरबरीत, वर फॉइल!

रेफ_आणि_रफार:
+1 खिळेजुळारी आप्पांना. एक छोटी दुरुस्ती, मासिकांच्या कव्हरवर दिसतो तो बऱ्याचदा डिडो असतो, व्होगचं नाव त्याच घराण्यातलं. चिंचगूळ, तुम्ही गूगल फॉन्ट्सवरून बोडोनी मोडा घ्या, फुकट आहे आणि त्यात ऑप्टिकल साइझ आहे, सहा ते शहाण्णव. म्हणजे आप्पा म्हणतात तेच, लहान साइझला रेघ जाड होते. नावं मोठी ठेवा, आणि फॉइलच करायचं तर बोल्ड वजन घ्या नि प्रेसला विचारा कमीत कमी किती जाडीची रेघ धरते, त्यांना आकडा माहीत असतो. पत्ता-वेळ मात्र फॉइलमध्ये नकोच.

मराठी बाजूला बोडोनीचा जुळा भाऊ शोधत बसू नका. बोरूची कापच उलटी, आपल्या अक्षरात जाड-बारीक वेगळ्या ठिकाणी पडतं. तरी झगमगाट हवाच असेल तर रोझा वन बघा, फरक जबरदस्त आहे, पण फक्त दोन नावांपुरता, त्यात आख्खा मजकूर लावला तर डोळ्यांचं पाणी निघेल. मजकुराला तिरो देवनागरी मराठी. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत, आज्ज्या लगेच ओळखतात.

उगाच_एक_मत:
एवढा व्याप कशाला, गॅरामंड घ्या. पत्रिका आहे, परफ्यूमची बाटली नाही.

खिळेजुळारी:
गॅरामंड गोड आहे, मान्य, पुस्तकाला तर मी तोच घेईन. पण मरून कागदावर दोन नावं डौलात उभी करायची तर बोडोनीच्या खांबांसारखं काही नाही. पोरीचं लग्न आहे, थोडा रुबाब असू द्या.

चिंचगूळ:
थँक्यू सगळ्यांना!! अपडेट देते. कागद गुळगुळीत घेतला, नावं बोल्ड आणि छत्तीस पॉइंटात, पत्ता-वेळ आतल्या क्रीम कागदावर साध्या काळ्या ऑफसेटमध्ये मोडाच्या लहान साइझने. आज दुसरं प्रूफ आलं, एचची दांडी सापडली, मिहिर परत माणसात आला. मराठी बाजू तिरोत लावली. आता आई म्हणतेय श्री गणेशाय नमः एवढंसं का, नवरदेवापेक्षा गणपती लहान कसा चालेल. ते वाढवलं की मामांचं नाव खालच्या ओळीत जातंय. त्यासाठी वेगळा धागा काढते.